हात लावू नका!

मागच्या वर्षी आम्ही चौघे मुंबईतल्या एका गॅलरीत चित्रकारांनी केलेल्या पुस्तकांचे प्रदर्शन बघायला गेलो होतो. चित्रांची पुस्तके नव्हेत, पुस्तक हीच कलाकृती. एकाची पाने दोऱ्याने शिवून कायमची बंद केलेली. एक घड्या उलगडत सहा-सात फूट लांब गेलेले. एकात मजकूर नाहीच, नुसती जाळून पाडलेली भोके. आमच्यातल्या एकाने पान उलटायला हात पुढे केला आणि रखवालदार म्हणाला, "हात लावू नका." तो बिचारा आपल्यापैकीच निघाला, हे नंतर टपरीवर चहा पिताना कळले. हात लावायची मुभा त्यालाही नव्हतीच.

पुस्तक, आणि हात लावू नका! आमच्या आज्या-पणज्यांनी हे शब्द पाणवठ्यावर ऐकले होते. आम्ही ते एसीच्या गारव्यात ऐकले, एवढाच फरक.

लोकलमध्येच ठरले की झोडपून काढणारा लेख लिहायचा. प्रस्थापितांचे चोचले, पोट भरलेल्यांचे प्रयोग वगैरे. अर्धा लिहूनही झाला. मग जरा वाचन केले आणि लेख फाडावा लागला. हा प्रकार काचेच्या पेटीसाठी जन्मालाच आलेला नव्हता.

1963 साली एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने 26 पेट्रोल पंपांचे साधे कृष्णधवल फोटो एका छोट्या पुस्तकात छापले. पहिली आवृत्ती 400 प्रतींची. ना भारी कागद, ना कातडी बांधणी. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते घ्यायचे नाकारले, तर या पठ्ठ्याने कलेच्या मासिकात 'नाकारले' अशी जाहिरातच दिली. पुढे 1975 मध्ये उलिसेस कारियोन या मेक्सिकन लेखकाने ॲमस्टरडॅममध्ये अशाच पुस्तकांचे दुकान काढले. त्याचा मुद्दा असा की पुस्तक म्हणजे शब्द कोंबायची पिशवी नाही, एकामागून एक येणाऱ्या जागांची ती मालिका आहे. म्हणजे पान उलटणे हाही वाचनाचाच भाग. काच नंतर आली, संग्राहकांच्या पैशाबरोबर.

रुशेची जाहिरात वाचून आम्हांला मात्र दुसरीच जाहिरात आठवली. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. रुशेला नकाराची जाहिरात करता आली, आपल्याला जाहिरातीचाच नकार मिळाला. नाकारले जाणे ही त्याच्यासाठी गंमत होऊ शकली. आपल्यासाठी ती कधीच गंमत नव्हती.

तरीही बाबासाहेबांनी 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग ठेवला आणि 1927 च्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीच्या ओव्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या पत्राच्या कपाळावर संतांचे शब्द! हा निर्णय मजकुराचा होता तितकाच मांडणीचाही होता. आपण मजकूर घोकतो, मांडणीकडे ढुंकूनही बघत नाही. पुढे साठच्या दशकात मराठीत अनियतकालिके निघाली, पदरचे पैसे घालून, प्रस्थापित मासिकांच्या नाकावर टिच्चून. राजा ढाले यांनी 'येरू' काढला तो याच काळात. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या पोरांना छापखान्याची आणि शाईची सवय आधीच झालेली होती.

आता 'भीमायन'बद्दल. 2011 मध्ये दिल्लीच्या 'नवयान'ने काढलेले हे पुस्तक ज्यांनी बघितले नसेल त्यांनी कुठूनही मिळवावे. बाबासाहेबांचे आयुष्य पाणी, निवारा आणि प्रवास या अंगांनी सांगितलेले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. कॉमिक्समध्ये असतात तशा चौकटी काढायला त्यांनी नकार दिला, चौकटीत माणसे गुदमरतात म्हणून. त्याऐवजी त्यांच्या घराच्या भिंती-अंगणात काढली जाणारी 'दिगना' नक्षी पानभर वळत जाते आणि प्रसंग वेगळे करते. बोलण्याचे फुगे बघा. साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचे विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नुसते चित्र पाहून कळते की कोण डंख मारतो आहे. आमच्या मते शंभर भाषणांनी जे होत नाही ते या नांगीने केले. या पुस्तकाचे शब्द कुणाचे, चित्रे कुणाची, निवड कुणी केली, यावर आपल्यात वाद व्हायला हवा, आणि तो आम्ही घालतोही. पण वाद घालण्याआधी पुस्तक हातात घ्यावे लागते.

तर आम्हीही एक पुस्तक केले. पेट्रोल पंप आमचे नाहीत, नळ आमचे आहेत. वस्तीतल्या 14 सार्वजनिक नळांचे मोबाइलवर फोटो काढले, पहाटे चारपासून. एका पानावर एक नळ. ज्या 5 नळांना पाणीच येत नाही त्यांची पाने कोरी सोडली. झेरॉक्सच्या 200 प्रती काढल्या आणि एकाच्या आईने त्या शिलाई मशीनवर मधोमध शिवून दिल्या. किंमत 10 रुपये.

आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी प्रत हातात घेतली आणि म्हणाले, "कोरी पानं विकता? त्या पैशात बावीस प्रतिज्ञा छापल्या असत्या." खरे सांगायचे तर आम्ही गप्प झालो. चळवळीत एकेक रुपया कसा जमवावा लागतो हे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिले आहे.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कात सतरंजी टाकून बसलो. चहूकडे चरित्रे, संविधान, कॅलेंडरे, भीमगीतांचे आवाज. 63 प्रती गेल्या. बऱ्याच जणांनी चाळून परत ठेवल्या, "यात बाबासाहेब कुठं आहेत?" असेही विचारले. परभणीकडच्या एक बाई मात्र कोऱ्या पानावर थांबल्या. अंगठा पानावर टेकवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो तर आमच्याच गल्लीतला हाय." शाई अंगठ्याला लागली नाही, पण अंगठ्याचा डाग पानावर उमटला. प्रत त्यांनी घेतली नाही, पैसे परतीच्या प्रवासाला ठेवले होते. आम्ही तशीच द्यायला लागलो तर तीही घेतली नाही. डाग पडलेली ती प्रत आम्ही ठेवून घेतली आहे.

आठवड्याने ज्येष्ठ कार्यकर्ते पुन्हा आले. खिशातून चिठ्ठी काढली. विहारामागच्या बोळातले दोन नळ आमच्याकडून सुटले होते. एकाला पाणी येते, एकाला नाही. दुसऱ्या आवृत्तीत नळ 16 आणि कोरी पाने 6 होतील.