सी ड्राइव्हची भिंत

आमच्या उर्दू हायस्कूलच्या ऑफिसात दाखल्यांच्या कपाटाशेजारी एक काळा सर्व्हर उभा आहे. विंडोज सर्व्हर २००८ वर चालतो. एका व्यापाऱ्याने आपल्या दुकानातली यंत्रे बदलली तेव्हा तो संस्थेला दिला, म्हणजे आमच्याकडे आला तोच वापरलेला. निकालपत्रके, फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती, सगळ्या वर्गशिक्षकांच्या फाइली, सारे त्याच्यावरच. बी.एड.ला आम्हाला संगणक नावापुरता होता. पण उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करता येते, म्हणून हे यंत्र माझ्या गळ्यात पडले. "आपांना विचारा" हे वाक्य ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येते.

पहिल्या सत्राचे निकाल छापायला घेतले आणि प्रिंटर गप्प. कागद आहे, शाई आहे, वायर जागेवर आहे. नववीच्या वर्गशिक्षिका तीनदा आज्ञा देऊन थकल्या. कारण सर्व्हरमध्ये होते. छापायचे पान प्रिंटरकडे जाण्याआधी सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर लिहिले जाते आणि तिथे लिहायला जागाच उरली नव्हती. २० जीबीच्या सीमध्ये जेमतेम १५० एमबी शिल्लक. शेजारी डी ड्राइव्ह ४४५ जीबीचा, त्यातला निम्म्याहून अधिक रिकामा!

आमच्या शाळेत एका मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडचे पार्टिशन घालून दोन वर्ग बसवले आहेत. एका बाजूला साठ मुली दाटीवाटीने बसतात, दुसऱ्या बाजूला पंचवीस. हॉल एकच, चूक पार्टिशनच्या जागेची. डिस्कचेही तसेच असते. बाजारात ५०० जीबीची म्हणून मिळणारी डिस्क विंडोज ४६५ दाखवते. त्यातली पहिली २० जीबी कुणीतरी विंडोजसाठी कापून दिली होती आणि उरलेली सगळी सामानासाठी. ज्याने कापली त्याला तेव्हा २० जीबी पुष्कळ वाटली असेल. पण विंडोज वर्षानुवर्षे स्वतःच्या दुरुस्त्या घेत राहते, जुन्या फाइली टाकून देत नाही, आणि जो कुणी सर्व्हरवर बसून आपल्या नावाने लॉगिन करतो त्याचा डेस्कटॉपही सीमध्येच साठतो. एका सरांच्या डेस्कटॉपवर त्यांच्या पुतण्याच्या वलीम्याचे फोटो निघाले, तब्बल दीड जीबी.

पहिला उपाय अर्थात साफसफाई. फोटो डीवर गेले, तात्पुरत्या फाइली पुसल्या. विनएसएक्सएस नावाचा एक भलामोठा फोल्डर डोळ्यांत खुपत होता. "हा उडवा की," असा सल्ला दोघांनी दिला. तो हाताने पुसायचा नसतो. विंडोजचे सुटे भाग तिथेच राहतात, आणि त्याचा आकार दिसतो तेवढा खराही नसतो, कारण त्यातल्या पुष्कळ फाइली इतर फोल्डरांमध्ये दिसतात त्याच असतात, नुसत्या दोनदा मोजल्या जातात. मग पेज फाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर जी जागा वापरते ती, सीवरून डीवर हलवली. एकदम ४ जीबी मोकळे झाले आणि निकाल छापून झाले. पण ही उसनवारी होती. चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच होणार हे दिसत होते.

संस्थेने ओळखीच्या एका तरुणाला बोलावले. त्याने डीवर उजवे बटण दाबून तो १०० जीबीने आक्रसवला. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ही सोय आयतीच आहे. मग सी वाढवायला गेला तर 'एक्सटेंड' हा शब्द फिका, दाबताच येईना. तो म्हणाला, सर्व्हर जुना आहे, नवा घ्या. हेडमास्तर साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

सर्व्हरच्या वयाचा इथे काही संबंध नव्हता. डिस्कच्या चित्रात सी डावीकडे असतो आणि डी उजवीकडे. आम्ही उर्दूवाले उजवीकडून वाचायला सुरुवात करतो, पण डिस्क मराठीसारखी डावीकडून लिहिली जाते. सी वाढतो तो फक्त उजवीकडे आणि तेही अगदी खेटून रिकामी जागा असेल तरच. डी आक्रसला की जागा सुटते ती त्याच्या शेपटाकडे, पार पलीकडच्या टोकाला. शेजाऱ्याने आपले मागचे परसू सोडून दिले, तर आपल्या दोघांमधली भिंत हलत नाही. भिंत हलवायची तर शेजाऱ्यालाच सामानासकट पुढे सरकावे लागते.

त्याला दोन वाटा आहेत. जीपार्टेडसारखे मोफत साधन सीडीवर घेऊन त्यावरून सर्व्हर सुरू करायचा आणि सबंध डी जागच्या जागी उजवीकडे सरकवायचा. यात डीवरची प्रत्येक फाइल उचलून पुढे ठेवली जाते, काम कित्येक तास चालते आणि मध्येच वीज गेली तर अर्धे सामान इकडे, अर्धे तिकडे. आमच्याकडे दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी दहा मिनिटे टिकते. दुसरी वाट म्हणजे डीच्या प्रती बाहेर काढायच्या, डी पुसून टाकायचा, सी वाढवायचा, उरलेल्या जागेत नवा डी करायचा आणि सामान परत भरायचे. ऐकायला हीच जास्त भीतीदायक वाटते. संस्थेच्या एका सभासदांनी तर "पुसायचा?" एवढाच शब्द उच्चारला आणि चहाचा कप खाली ठेवला.

भीती खोटी नव्हती. डीवर जनरल रजिस्टरच्या जुन्या पानांचे फोटो आहेत. १९६८ ते १९७४ च्या रजिस्टरला नंतर वाळवी लागली, त्यातली काही पाने आता फक्त या फोटोंत उरली आहेत. गेल्याच वर्षी साठी ओलांडलेल्या एक खाला दाखला मागायला आल्या. हजला जायचे होते, पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. कागदावरच्या त्यांच्या ओळीत भोक पडले होते. फोटोत वडिलांचे नाव, गाव, तारीख सगळे स्पष्ट दिसले. असे आणखी कितीजण येतील कोण सांगणार?

तरीही मी दुसऱ्याच वाटेचा आग्रह धरला. सरकवण्याच्या वाटेने प्रत न काढताही जाता येते आणि घाईत माणूस तसाच जातो. पुसण्याच्या वाटेवर प्रत काढल्याशिवाय, ती उघडून पाहिल्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही. शिवाय पुसणे आणि वाढवणे ही कामे काही मिनिटांची असतात, तेवढा वेळ आमचा यूपीएससुद्धा तग धरतो. "पण डिस्क दोन आहेत ना?" असे कुणीतरी विचारले. दोन होत्या, आरशासारख्या. एकीवर लिहिले की दुसरीवर उमटते आणि एकीवरचे पुसले की दुसरीवरचेही त्याच क्षणी जाते. अशी जोडी डिस्क बिघडली तर वाचवते, हाताने पुसलेले परत देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणल्या. दोन्ही एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केल्या, नाहीतर कोणती फाइल कुणी उघडायची याच्या परवानग्या प्रतीत येत नाहीत. प्रत रोबोकॉपीने काढली, ती विंडोजमध्येच असते. पहिल्या रात्री काळ्या पडद्यावर फाइलींची नावे सरकू लागली आणि उर्दू नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे! शेकडो ओळी, सगळी प्रश्नचिन्हे. शिपाई चाचा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "आपा, सगळं गेलं का?" गेले नव्हते. त्या काळ्या खिडकीला उर्दू अक्षरे दाखवता येत नाहीत एवढेच. रोबोकॉपीला युनिलॉग असा पर्याय देऊन नोंद वेगळ्या फाइलीत घेतली आणि ती नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळी नावे नीट उर्दूत. मग दोन्ही डिस्कवरच्या फाइलींची संख्या मूळ संख्येशी जुळवली आणि प्रत दुसऱ्याच संगणकाला लावून रजिस्टरची जुनी पाने एकेक करून उघडली. याला अख्खी दुपार गेली. विंडोज सर्व्हर बॅकअपने सीचीही प्रत घेतली.

प्रत्यक्ष काम सकाळी वीज असताना. आधी पेज फाइल डीवरून काढून छोटी, १ जीबीची, सीवर आणली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. ती डीवर चालू असताना विंडोज डी पुसू देत नाही. मग डी पुसला. तरीही 'एक्सटेंड' फिकाच! चित्र नीट पाहिले तर मोकळ्या जागेभोवती हिरवी चौकट होती. डी हा स्वतंत्र पार्टिशन नव्हता, एका मोठ्या विस्तारित पार्टिशनच्या पोटात होता. खोली पाडली, पण आवाराची भिंत उभीच होती. ती चौकटही पुसली, जागेवर काळी पट्टी आली आणि 'एक्सटेंड' जागा झाला. सीला ६० जीबी दिले, एकूण ८०. सर्व्हर चालूच होता, बंदसुद्धा करावा लागला नाही. ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. हेडमास्तर साहेबांनी विचारले, "बस, एवढंच?"

उरलेल्या जागेत नवा ड्राइव्ह केला आणि त्याला आठवणीने डी हेच अक्षर दिले, कारण निकालाचा जुना प्रोग्राम डी याच पत्त्यावर फाइली शोधतो. परत भरायला आणखी एक रात्र. वर्गशिक्षकांचे शेअर केलेले फोल्डर पुन्हा बांधून दिले. त्यांची नावे आणि परवानग्या आधीच वहीत लिहून ठेवल्या होत्या. सुट्टी संपल्यावर पाचवीच्या वर्गशिक्षिकांनी आपला फोल्डर उघडला आणि काही बदलल्याचे त्यांना कळलेही नाही.

विंडोज सर्व्हर २००८ च्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या, म्हणून हा सर्व्हर मी इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. नव्या यंत्राचा ठराव संस्थेच्या पुढच्या सभेत आहे. तोवर एक हार्ड डिस्क ऑफिसच्या कपाटात असते, दुसरी शाळेबाहेर, खजिनदार साहेबांच्या घरच्या तिजोरीत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नवी प्रत घेण्यासाठी मी ती मागवते. ते चाचांच्या हाती पाठवतात आणि बरोबर एक वही देतात. त्यात मला घेताना एक आणि परत करताना एक, अशा दोन सह्या कराव्या लागतात.