कांचेच्या भिंती आणि उन्हाचा पडदा

संस्कृतांत खिडकीला दोन सुंदर नांवें आहेत. 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा आणि 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. आमच्या जुन्या वाड्यांतील खिडकी हीं दोन्हीं कामें करी. शिवाय पुढें पडवी, वर वळचण आणि खिडकीला लांकडी झडपा असल्यामुळें ऊन किती घ्यावें हें घरच्या माणसांच्या हातीं असे. हल्लीं शहरांत ज्या कांचेच्या उंच इमारती उठल्या आहेत, त्यांच्या भिंती बहुधा उघडत नाहींत. म्हणजे वातायन गेलें आणि गवाक्ष तेवढें उरलें. परंतु तो डोळा पापणी नसलेला डोळा आहे.

हा विचार माझ्या मनांत केवळ शब्दांच्या नादानें आला नाहीं. माझी धाकटी सून पुण्यांतील अशाच एका इमारतींत नोकरी करते. तिचें मेज पश्चिमेच्या कांचेजवळ आहे. दुपार कलली कीं ऊन थेट तोंडावर येई, संगणकावरील अक्षरें पुसट होत, आणि घरीं आल्यावर ती बिचारी डोक्याला पट्टी बांधून अंधाऱ्या खोलींत पडून राही. लहान मूल दाराशीं येऊन परत जाई. "मामंजी, नोकरी सोडून देऊं का?" असें तिनें एके दिवशीं विचारलें. कचेरीनें उपाय म्हणून जाड पडदे लावले होते. ते ओढले कीं भर दुपारीं सगळे दिवे लावावे लागत. ज्या प्रकाशासाठीं कांच बसविली, तोच बाहेर कोंडून विजेचा खर्च वाढवावयाचा, हा न्याय मला उमगेना. मी शास्त्र शिकविणारा नव्हें; परंतु प्रश्न घरांतला असल्यामुळें या विषयाचें वाचन करूं लागलों.

समोर लख्ख खिडकी असली कीं डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि शेजारची मंद वस्तु अधिकच मंद दिसते. शिवाय डोळ्यांत शिरलेलें तेज आंत विखुरतें व सर्व दृश्यावर धुकें पसरल्यासारखें होतें. वय वाढतें तसें हें विखुरणेंहि वाढतें. उष्णतेची गोष्ट निराळी. कांच ऊन आंत येऊं देते. त्यानें तापलेल्या जमिनीची व सामानाची उष्णता मात्र ती सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं.

हा त्रास आजचा नाहीं. लंडनच्या हाइड पार्कमध्यें १८५१ सालीं जोसेफ पॅक्स्टन यानें प्रदर्शनासाठीं लोखंड व कांच यांचा प्रचंड 'क्रिस्टल पॅलेस' उभारला, तेव्हां ऊन आवरण्यासाठीं छपरावर बाहेरून सुती कापड पसरावें लागलें. पॅरिसमध्यें ल कॉर्बुझिए यानें निराश्रितांसाठीं बांधलेल्या व १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या इमारतीची दक्षिणेकडील भिंत बंद कांचेची होती. उन्हाळ्यांत आंतील लोक उकाड्यानें हैराण झाले, आणि कांहीं वर्षांनंतर तिच्यापुढें ऊन अडविणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्याच स्थपतीनें पुढें चंडीगढच्या सचिवालयास काँक्रीटची खोल जाळी दिली.

आतां हें काम विणलेलें कापड करतें. कांचतंतूंचे किंवा पॉलिएस्टरचे धागे, त्यांवर पी. व्ही. सी.चा लेप, आणि मधें मोजून ठेवलेलीं छिद्रें. शंभर भागांत किती भाग मोकळा, त्यावरून १, ३, ५, १० टक्के अशा त्याच्या प्रती ठरतात. उतरत्या सूर्याचें ऊन आडवें येतें व छज्जाखालून शिरतें. म्हणून पश्चिमेस उभा पडदाच हवा, आणि तोहि १ किंवा ३ टक्क्यांचा. उत्तरेस ५ किंवा १० चालतो. रंगाची गोष्ट अपेक्षेच्या उलट आहे. पांढरें कापड डोळ्यांस सौम्य असेल असें वाटतें. पण ऊन पडतांच तें स्वतःच झळकूं लागतें व पलीकडचें झाड दिसेनासें होतें. गडद कापडांतून बाहेरचें स्पष्ट दिसतें. मात्र तें स्वतः तापतें. म्हणून बाहेरील अंग फिकें व आंतील गडद असेंहि कापड निघालें आहे.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, पडदा कांचेच्या आंत असला तर झळाळी कमी होते, पण उष्णता घरांत येऊन चुकलेली असते. बाहेर असला तर ती दारांतूनच परत जाते. बाहेरच्या कापडास वारापाऊस सोसावा लागतो, म्हणून तें दोन्हीं बाजूंच्या खोबणींत ताणून बसवितात व वादळांत गुंडाळून घेतात.

सुनेनें नोकरी सोडली नाहीं. तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं लेखी विनंती केली, आणि कांहीं महिन्यांनीं पश्चिमेस गडद, बारीक विणीचें कापड लागलें. तें आंतूनच लावल्यामुळें उकाडा राहिला आहे. डोकेंदुखी पुरती थांबली असें म्हणवत नाहीं. पण संध्याकाळीं ती मुलाजवळ बसूं लागली आहे.

आपल्यापैकीं अनेक कुटुंबें नव्या घरांत मोठाल्या कांचा बसवितात. त्यांनीं मुलांचें मेज खिडकीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवूं नये. खिडकी बाजूस असावी. आणि घराचीं मापें घेतलीं जातात त्या वेळीं, दुपारीं चार वाजतां त्या कांचेजवळ घरांतलें कोण बसणार आहे, एवढें एक माप अधिक घ्यावें.