हुसेनसागरची नाव

मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना हैदराबाद परके नाही. १९४८ पर्यंत आपला मुलूख त्याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, तीही याच शहरात. इथल्या हुसेनसागर तलावाच्या मधोमध तथागतांची मूर्ती उभी आहे, आणि तिच्यापाशी जायला नावेशिवाय वाट नाही.

मूर्ती सुमारे १८ मीटर उंच, एकाच पांढऱ्या ग्रॅनाइट शिळेची. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला. मूर्ती तळाशी गेली, सोबतची काही माणसे बुडून मेली. डिसेंबर १९९२ मध्ये ती आजच्या जागी उभी राहिली. दर्शनाला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? आम्ही वंदना झाल्यावर त्या मृतांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो.

परतल्यावर काठाने फिरताना फायबरची एक लहान सहलीची नाव लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली दिसली. दुरुस्ती करणारे काका मूळचे बिदरकडचे, मराठी चांगली बोलणारे. नाव गळत होती आणि गळती कुठे ते सापडत नव्हते. मुलांना ते बघायचेच होते, म्हणून आम्हीही थांबलो.

काका म्हणाले, "ताई, पाणी साचलंय तिथंच भोक असतं, असं नाही." ते खरेच आहे. पुढून शिरलेले पाणी तळातून वाहत मागे इंजिनाखाली जमते आणि माणूस मागेच शोधत बसतो. शिवाय आधी पाहायचे की हे पावसाचे पाणी तर नाही. मग ठरलेल्या जागा तपासायच्या: पंख्याचा दांडा तळातून बाहेर येतो तिथले पॅकिंग, पाणी सोडायच्या बुचाचे रबर, स्क्रूची भोके, आणि काठाला घासून झिजलेला कणा.

त्यांनी आतला तळ फडक्याने कोरडा केला. बाहेरून पुसून खडूची पूड भुरभुरली. मग आत बादलीने थोडे थोडे पाणी ओतले. एकदम भरायचे नाही, वजनाने तळ वाकतो. नाव तलावात असताना पाणी बाहेरून आत येते. इथे उलटे, आतले बाहेर येते. थोड्या वेळाने कण्याजवळ पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली, केसाएवढी. धाकटीनेच ती आधी दाखवली. काकांनी पेन्सिलीने खूण केली.

पुढचे काम घाईचे नाही. वरून लांबी फासून रंग मारला तर आठ दिवस चालते, मग पुन्हा तेच. पाणी काढून भेग एक-दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवायची, ग्राइंडरने उघडी करून कडा उतरत्या घासायच्या, आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या चटईचे थर एकावर एक बसवायचे. हार्डनर जास्त पडला तर थर तापून तडकतो. शेवटी पुन्हा पाणी भरून बघायचे. काका म्हणाले, बरेच मालक ही शेवटची पायरी गाळतात. त्यांना रविवारचे गिऱ्हाईक दिसत असते.

जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे करावे. नावेत बसण्याआधी पायाखाली पाहावे. पाणी असेल तर विचारावे, संकोच करू नये. जॅकेट मुलांच्या मापाचे मागावे आणि पट्टे स्वतः आवळावेत. गर्दीच्या नावेत मूल मांडीवर घेऊन कडेला बसू नये. वेळ असेल तर काठावरचा बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळाही पाहावा. १४ एप्रिल २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले. तो घडवणारे राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले. तिथे चालत जाता येते.