बीटचा भाडेकरार

बिकानेरच्या पोस्टिंगमधली गोष्ट. आमच्या कंपनीतला मिरजेकडचा एक लान्स नायक क्यूएम स्टोअरमध्ये, रजयांच्या थप्प्यांमध्ये बसून मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करायचा. रजया घुमणारा आवाज खातात, हा शोध त्याचाच. मे महिन्यात कूलर बंद ठेवून! गाणं वडिलांवर होतं. त्यांनी जन्मभर स्टेशनवर हमाली केली.

बडाखान्यात हे गाणं म्हणायचं ठरलं तेव्हा तो विचारायला आला, "साहेब, मागचं म्युझिक विकत घेऊ का? तीस डॉलर म्हणतोय." मी म्हटलं, "अरे, फुकट मिळतंय की! पैसे कशाला घालवतोस?" त्याने मान डोलावली. कंपनी कमांडरचा सल्ला जवानाला हुकूमच वाटतो, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गाणं गाजलं. त्याच्या धाकट्या भावाने ते आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकलं. वडील रोज संध्याकाळी जोडीदारांना ऐकवायचे. पाचेक महिन्यांनी ते अचानक बंद झालं, कॉपीराइटचा दावा आला. वडिलांचा फोन, "फौजेत काय लफडं केलंस का रं? सायबलोक रागावलं का?" हे सांगताना पोरगा माझ्यासमोर सावधानमध्ये उभा. तक्रारीचा एक शब्द नाही.

त्या रात्री मी त्या 'फ्री' बीटखालचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. खडकवासल्यापासून ऑर्डर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लावलेली, आणि इथे मी शीर्षकावर थांबलो होतो. फुकट फक्त कमाई नसेल तर. भावाच्या चॅनलवर जाहिराती होत्या. शिवाय मधल्या काळात ते बीट दुसऱ्या एका गायकाने 'एक्स्क्लुझिव्ह' विकत घेऊन यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवलं होतं. मग मशीनच जुळणारी गाणी शोधून काढतं.

साधं लीज म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार समजा. मालकी बनवणाऱ्याचीच, तुम्हाला ठरावीक स्ट्रीम, ठरावीक मुदत. फरक इतकाच, की हाच फ्लॅट एकाच वेळी पन्नास भाडेकरूंना दिलेला असू शकतो. पुढे कोणी एक्स्क्लुझिव्ह घेतलं तरी आधीचे करार सहसा मुदतीपर्यंत चालतात. आमच्याकडे करारच नव्हता. ते तीस डॉलर दिले असते तर हातात कागद असता.

तीस डॉलर म्हणजे काहीच नाही असंही नाही. लिल नास एक्सने 'ओल्ड टाउन रोड'चं बीट यंगकिओ या डच मुलाकडून तेवढ्यालाच घेतलं होतं. ते गाणं २०१९मध्ये अमेरिकेत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या बीटमध्येही नाइन इंच नेल्सच्या २००८मधल्या संगीताचा तुकडा होता, त्याची परवानगी नंतर घ्यावी लागली. म्हणजे विकणाऱ्याच्या मालात दुसऱ्याचं काही आहे का, हेही विचारायचं.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं नवीन बीट शोधायला बसलो. शंभरेक ऐकली असतील. माझे कान बधिर, तो ताजातवाना. त्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालत नव्हते, म्हणून माझं वापरलं. पैसे तो दर महिन्याला थोडे थोडे आणून देऊ लागला. मी घेतले, नाहीतर त्याला बरं वाटलं नसतं. मुदत आणि देश करारात लिहिलेत का, ते मी दोनदा पाहिलं. आपल्या १९५७च्या कायद्यात ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतात.

एक अडचण राहिली. जुन्या बीटमध्ये कडव्याला सोळा बार होते, नव्यात बाराच. वाद्यं सुटी करून देणारा परवाना घेतला असता तर कडवं वाढवता आलं असतं, पण तो महाग होता. त्याने चार ओळी कापल्या आणि पुन्हा रजयांमध्ये शिरला.

गाणं परत चढलं त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"चांगलं झालंय. पण माझ्या पितळी बिल्ल्याची वळ कुठं गेली रं?"

तो माझ्याकडे बघत राहिला.