खजरान्याचे कळस आणि ‘टॉवर’ हा शब्द

इंदूर शहराच्या पूर्वेस खजराना नावाचे एक गाव होते. शहराने हातपाय पसरले व गावास आपल्या पोटात घेतले. अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या गणेशमंदिरामुळे हे नाव दूरवर पोचले आहे. नाहर शाह वली यांचा दर्गाही येथलाच. आम्ही रिक्षावाल्यास वाट विचारली, तेव्हा त्याने ना कळस दाखविला, ना मनोरा. ‘टॉवर के पास से मुड़ जाइए,’ एवढेच तो म्हणाला. त्याचा टॉवर म्हणजे मोबाईलचा लोखंडी सांगाडा!

वाचकहो, हा शब्द मूळचा इंग्रजांचाही नव्हे. लॅटिन ‘तुर्रिस’ हे त्याचे मूळ, आणि लॅटिनच्याही मागे ग्रीक ‘तिर्सिस’. अर्थ एकच: रक्षणासाठी उभारलेला बुरूज. अकराव्या शतकात नॉर्मन राजाने लंडनमध्ये बांधलेला किल्ला आजही ‘टॉवर’च म्हणवितो. आपल्या वडीलधाऱ्यांस हा शब्द परका नव्हता. पवित्र मरियेच्या लॅटिन लितानीत ते ‘तुर्रिस दाविदिका’, म्हणजे दाविदाचा बुरूज, असे म्हणत. पोर्तुगीजांचा ‘तोर’ त्याच घराण्यातला. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या मठाचा तसला जांभ्या दगडाचा मनोरा मुळात सुमारे ४६ मीटर उंच होता. १९३१ साली त्याचा अर्धा भाग कोसळला, उरलेला अद्याप उभा आहे.

उंच इमारतीस इंग्रजीत ‘स्कायस्क्रेपर’ म्हणतात. पूर्वी हे जहाजाच्या सर्वांत वरच्या शिडाचे नाव होते. पुढे शिकागोच्या इमारतींना ते चिकटले. तेथे १८८५ साली उभी राहिलेली दहा मजल्यांची इमारत त्यांतली आद्य मानली जाते. इंग्रजी शब्द आकाशास खरवडतो, आपला ‘गगनचुंबी’ त्याचे चुंबन घेतो. आम्हास आपलाच गोड वाटतो.

मराठीचे शब्द कामही सांगतात. शिखर म्हणजे डोंगराचा माथा, कळस म्हणजे पाण्याचा घट. अरबीतून आलेला मनोरा म्हणजे प्रकाशाची जागा. इंदुरातील गांधी हॉल (१९०४) याच्या उंच घड्याळास लोक घंटाघर म्हणतात. टॉवर मात्र केवळ उंची सांगतो. मोबाईलच्या खांबास तो शोभतो. पण अलीकडे चार-पाच मजल्यांचे घरही ‘टॉवर’ म्हणून विकले जाते, याचे हसू येते. होळकरांचा वाडा सात मजल्यांचा आहे. त्यास लोक राजवाडाच म्हणतात.