श्वास बाहेर पडताना

कोविडच्या पहिल्या वर्षात मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: विषाणू एवढा बारीक, कापडाची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी, मग मास्क लावून उपयोग काय? विचारणाऱ्यांत शिक्षक होते, इंजिनिअर होते, डॉक्टरही होते. त्यांचे आकडे बरोबर होते. कोविडच्या विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रॉन, आणि साध्या सुती कापडाच्या दोन धाग्यांमधली मोकळी जागा त्याच्या शेकडो पट. पण त्यांच्या डोळ्यांसमोर पीठ चाळायची चाळणी होती, आणि हवा गाळणारी कोणतीही गाळणी तशी चालत नाही. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण आणि ते अडवणाऱ्या गाळण्या हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायचं माझ्याकडे राहून गेलेलं आहे.

चाळणीत छिद्रापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली पडतं. गाळणीत तंतूंचा गुंता असतो आणि हवा त्या तंतूंना वळसे घालत पुढे सरकते. जड कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. त्याहून हलका कण वळतो, पण तंतूच्या इतक्या जवळून जातो की त्याची कड तंतूला लागते. अगदी बारीक कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते भरकटत भरकटत कुठल्यातरी तंतूला जाऊन टेकतात. एकदा टेकलेला एवढासा कण सहसा सुटत नाही. म्हणजे मोठे कण अडवणं सोपं आणि अतिबारीक कण अडवणंही सोपं. हातून निसटतात ते मधले. साध्या गाळणीत हा आकार ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो, तंतूंवर विद्युतभार असेल तर त्याहून थोडा लहान. एन-९५ मास्कची परीक्षा मुद्दाम अशाच निसटू पाहणाऱ्या मिठाच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के त्याने अडवावे लागतात.

विद्युतभाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या काळात घरोघरी त्याच बाबतीत नुकसान झालं. एन-९५ च्या आतला पांढरा थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो. त्या तंतूंना दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार दिलेला असतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांचं या तंत्रावरचं काम आज जगभर वापरलं जातं. भारामुळे तंतू कणांना स्वतःकडे ओढतात, म्हणून थर पातळ ठेवूनही भरपूर कण अडतात आणि श्वास घ्यायला त्रास होत नाही. हा मास्क साबणाच्या पाण्यात धुतला किंवा त्यावर स्पिरिट फवारलं की भार उतरतो. दिसायला मास्क तसाच राहतो, त्यामुळे धुणाऱ्याला काही कळत नाही. चार-पाच मास्क कागदी पिशव्यांत ठेवून आळीपाळीने वापरणं हा त्यापेक्षा खूप बरा मार्ग होता.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विषाणू हवेत एकटा येत नाही. बोलताना, गाताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही आपल्या श्वसनमार्गातून ओलसर कण बाहेर पडतात. त्यांत पाणी, क्षार, प्रथिनं असतात आणि माणूस आजारी असेल तर विषाणू. ओठांपाशी हा कण पाण्यामुळे फुगलेला असतो. बाहेरच्या हवेत आल्यावर त्यातलं पाणी बघता बघता उडतं, कण आक्रसतो आणि हलका होऊन तरंगत राहतो. विल्यम वेल्स या शास्त्रज्ञाने १९३४ मध्येच हे मांडलं होतं. कोणता थेंब सुकण्याआधी जमिनीवर पडेल आणि कोणता सुकून हवेत राहील, याची सीमा त्याने सुमारे १०० मायक्रॉनला ठेवली होती. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत ही सीमा ५ मायक्रॉन झाली. ५ मायक्रॉनचा आकडा मुळात वेगळ्याच प्रश्नाचा होता: फुप्फुसात खोलवर, क्षयरोग जिथे रुजतो तिथपर्यंत, केवढा कण पोचतो? दोन आकड्यांच्या या सरमिसळीतून ५ मायक्रॉनहून मोठं सगळं दोन हातांच्या आत खाली पडतं, हा समज रूढ झाला.

त्याची किंमत मोठी होती. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं जाहीर सांगितलं. जुलैमध्ये लिडिया मोराव्हस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांना उघड पत्र लिहून हवेतून होणारा प्रसार मान्य करा असं सांगावं लागलं. तोवर जग भाजी धूत होतं, दाराच्या कड्या पुसत होतं.

कण आक्रसतो हे लक्षात घेतलं की मास्कची खरी जागा कळते. कण अडवायचा तर तो मोठा, ओला आणि जड असताना, म्हणजे ज्याच्या तोंडातून निघतो त्याच्या तोंडापाशीच अडवणं सर्वांत सोपं. खोलीभर पसरून सुकलेला तोच कण दुसऱ्याच्या नाकापाशी अडवायचा तर फार चांगली गाळणी लागते. साधा मास्क लावणाऱ्याला थोडं वाचवतो, समोरच्याला जास्त.

याचा मला सर्वांत पटणारा पुरावा कोविडच्या आधीचा आहे आणि तो गिनीपिगांनी दिलेला आहे. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळ्यांनी गिनीपिगांच्या खोलीत नेली आणि क्षय केवळ हवेतूनही पसरतो हे दाखवलं. तीच पद्धत वापरून अश्विन धर्माधिकारी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण एक दिवस साधे सर्जिकल मास्क लावत, दुसऱ्या दिवशी लावत नसत. मास्कच्या दिवशीची हवा ९० गिनीपिगांच्या एका खोलीत जाई, बिनमास्कच्या दिवशीची ९० गिनीपिगांच्या दुसऱ्या खोलीत. बिनमास्कच्या खोलीत ६९ जणांना संसर्ग झाला, मास्कच्या खोलीत ३६ जणांना. कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळणारा तीनपदरी मास्क, तोही आजारी माणसाच्या तोंडावर, आणि संसर्ग जवळजवळ निम्म्यावर. माणसांवरच्या प्रयोगात कोणी मास्क नीट लावला, कोणी लपूनछपून काढला, कोण कुणाला कुठे भेटला, असे शंभर गोंधळ असतात. गिनीपिग फक्त आलेली हवा घेतात.

मग फटी. मास्कची चर्चा आपल्याकडे कापडावरच फार झाली: सुती की खादी, दोन पदर की तीन. बचत गटांच्या बायकांनी साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात रात्रंदिवस मास्क शिवले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. गालापाशी किंवा नाकाच्या बाजूला फट राहिली की बराचसा श्वास तिथूनच जातो-येतो आणि कापड कितीही चांगलं असलं तरी ते बाजूला पडतं. चष्म्यावर वाफ धरते ती याच फटीतून निघालेल्या श्वासाची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये पुतळ्यांवर केलेली मोजमापं प्रसिद्ध केली. खोकल्यासारख्या झोतातले सुमारे निम्मेच कण नुसत्या सर्जिकल मास्कने अडवले. त्याच मास्कच्या कानामागच्या दोऱ्यांना कडेशी गाठ मारून बाजूच्या चुण्या आत दुमडल्या तर ७७ टक्के अडले. सर्जिकल मास्कवर कापडी मास्क चढवला तेव्हा त्याहूनही जास्त. गाठ मारली तेव्हा मास्क तोच, कापड तेच, फक्त गालापाशी बसला. नाकावरची तार दाबा आणि दोरीला गाठ मारा, हे दोनच निरोप ठळक अक्षरांत प्रत्येक बस स्टँडवर लागायला हवे होते असं मला आजही वाटतं.

नाकाखाली उतरवलेल्या मास्कबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

लोकांमध्ये केलेल्या चाचण्यांवरून बरेच वाद झाले. डेन्मार्कच्या चाचणीत सुमारे ६,००० लोक होते. मास्कवाल्यांत १.८ टक्के आणि इतरांत २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला, आणि हा फरक योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. पण ती चाचणी लावणाऱ्याच्याच संरक्षणाची होती, आणि भोवतालचं जग तेव्हा बिनमास्कचं होतं. समोरच्याचं काय होतं, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. बांगलादेशातली चाचणी ६०० गावांतली, तीन लाखांहून अधिक प्रौढांची. तिथे निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले आणि लोकांना आठवण करत राहिले. मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ वरून ४२ टक्क्यांवर गेलं, म्हणजे तरीही निम्म्याहून जास्त लोक उघड्या तोंडाने फिरत होते. एवढ्यावरही लक्षणांसह संसर्ग साधारण ९ टक्क्यांनी घटला, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांतल्या साठीपुढच्या लोकांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा परिणाम मात्र स्पष्ट दिसला नाही. हे आकडे चमत्काराचे नाहीत. पण साठीपुढची माणसं म्हणजे ज्यांच्यासाठी घराघरात जीव टांगणीला लागला होता तीच माणसं, आणि तिथे मिळालेला फायदा किरकोळ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० ला सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. आधार होता साथरोग अधिनियम १८९७, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी झालेला कायदा. एवढ्या लवकर घेतलेला हा निर्णय योग्य होता. अंमलबजावणी मात्र रस्त्यावर दिसेल त्याच्यावर झाली. मोकळ्या हवेत एकट्याने चालणाऱ्याकडून पावती फाडली गेली, आणि खिडक्या लावून एसीत बसलेली माणसं बोलायची वेळ आली की मास्क खाली ओढत राहिली. मोकळ्यावर वारा कण क्षणात पांगवतो. बंद खोलीत ते साचत जातात, आणि मोठ्याने बोललं की कितीतरी जास्त बाहेर पडतात. मास्कची गरज सर्वांत जास्त बोलताना असते. शिवाय जिथे खिडक्या उघडता येतात तिथे मास्कवरचा बराच भार हलका होतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यात मास्क ऐच्छिक झाला. तेव्हा सक्ती उठवण्याला माझा विरोध नव्हता. पण सक्तीबरोबर समजही उठून गेली, याचं फार वाईट वाटतं.

कारण क्षयरोग इथेच आहे. जगातल्या नव्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हवेतून होणारा संसर्ग दवाखान्यांत कसा रोखायचा याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहेत: खोकणाऱ्याला रांगेतून आधी बाजूला घ्या, त्याला मास्क द्या, खेळत्या हवेत बसवा. यात महागडं काहीच नाही. तरीही बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर खोकणारा माणूस, ताप आलेलं मूल आणि मधुमेहाची आजी तासन्‌तास खांद्याला खांदा लावून बसलेली दिसतात. डोक्यावर पंखा फिरत असतो आणि समोरासमोरच्या खिडक्यांपैकी एक तावदानं लावून बंद असते. अशा खोल्यांत मी कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेऊन बसते, कारण लोकांनी सोडलेला श्वास किती साचलाय हे त्यावरून कळतं. बाहेर हा आकडा दहा लाखांत ४२० च्या आसपास असतो, भरलेल्या बंद खोलीत तो दीड हजाराच्या पुढे सहज जातो. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या की काही मिनिटांत खाली यायला लागतो.

केसपेपर काढायच्या खिडकीवर मास्कचा एक खोका ठेवा, आणि जो खोकतोय त्याच्या हातात कागदाबरोबर एक मास्क द्या, नाकावरची तार दाबून दाखवा. जिथे जिथे मला बोलावतात तिथे मी सध्या एवढंच मागते.