तापलेल्या गाडीचे दुखणे

मी कला शाखेचा पदवीधर, कचेरीत आवक-जावक पाहणारा कारकून. यंत्रविद्येतली माझी मजल सायकलची उतरलेली चेन बसवण्यापर्यंत. तरीही आज डिझेल गाडीच्या एका दुखण्यावर लिहितो आहे. ते दुखणे मला फार महागात पडले.

२००९ चा मे महिना. बेळगावची मावशी अत्यवस्थ असल्याचा निरोप सकाळीच आला. आईला घेऊन फोंड्याहून निघालो. गाडी जुनी, सेकंडहँड. साखळी, केरी करत चोर्ला घाट चढलो. वळणांनी आईला मळमळू लागले म्हणून वर चहाच्या टपरीपाशी थांबलो. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर इंजिन नुसतेच गरगरत राहिले, पेट घेईना. बोनेट उघडून मी मठ्ठासारखा उभा. पाऊण तासाने गाडी आपसूक सुरू झाली. आम्ही बेळगावला पोचलो तेव्हा मावशीला जाऊन अर्धा तास झाला होता. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे चार महिने नाना उपाय केले. बॅटरी बदलली, हीटर प्लग बदलले, फिल्टर बदलला. सकाळी गाडी अर्ध्या चावीत सुरू व्हायची. पणजीहून तापून आली आणि बंद केली की पुन्हा तेच!

शेवटी म्हापशाच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने आधी हत्यार नव्हे, प्रश्न काढले. स्टार्टर जोरात फिरतो? म्हणजे बॅटरी ठीक. थंड असताना लगेच लागते? मग हीटर प्लगचा दोष नाही, त्यांचे काम थंड इंजिनापुरते. मग त्याने गाडी तापवून बंद केली आणि मला स्टार्टर मारायला लावून सायलेन्सरकडे पाहिले. धुराचा पत्ता नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नव्हते. डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला करंट येतो हेही तपासले. मग एक फडके पाण्यात भिजवून, पिळून डिझेल पंपावर ठेवले. पाच मिनिटांनी म्हणाला, "मार." गाडी लागली!

"पात्रांव, पंप झिजला," तो म्हणाला.

कारण त्याने समजावले ते असे. तापले की डिझेल पातळ होते. पंपातले भाग झिजले असतील तर ते पातळ डिझेल फटीतून मागे निसटते. इंजिन वेगात असते तोवर निसटायला वेळ मिळत नाही. पण स्टार्टरच्या संथ फिरण्यात इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. शिवाय गाडी बंद केली की पाणी फिरायचे थांबते, वाराही लागत नाही आणि बोनेटखालची धग काही वेळ वाढतच जाते. म्हणून धावत असताना काही नाही, थांबल्यावर दुखणे.

त्याने बजावलेही: तापल्या पंपावर बादलीभर थंड पाणी ओतायचे नाही, पंप जाम होईल. फडके हे निदान, औषध नव्हे. औषध म्हणजे पंप उतरवून टेस्ट बेंचवर दुरुस्त करणे. तेच केले. नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र हीच तक्रार क्रँक सेन्सरमुळे किंवा इंजेक्टरच्या गळतीमुळेही येते. तिथे फडके नाही, स्कॅनर लागतो.

ती गाडी केव्हाच विकली. आता नवी आहे, कितीही तापली तरी लागते. पंपाची सगळी कथा मी आईला दोनदा सांगितली आहे. ती मान डोलावते. पण चोर्ल्याची ती टपरी जवळ आली की आजही मागच्या सीटवरून आवाज येतो, "चा नाका. गाडी बंद करूं नाका."

मी थांबत नाही.